शिवालिक : हिमालयाच्या पायथ्याची बुटकी रांग आणि तिच्यातले जीवाश्म

शर्वरी_पंचकुला

नमस्कार मंडळी,

हरिद्वारला जाऊन आलेल्या प्रत्येकाने शिवालिक पाहिलेला असतो, पण त्याचं नाव सहसा कोणी सांगत नाही. मनसादेवीचा रोपवे ज्या डोंगरावर चढतो तो शिवालिक. गंगेपलीकडचा चंडीदेवीचा डोंगर तोही शिवालिकच. मधून नदीने वाट काढलीय. यात्रेकरू दर्शन घेऊन खाली उतरतात आणि बर्फाच्या ओढीने पुढे बद्री-केदारकडे निघतात. मी नोकरीमुळे पंचकुल्यात राहते. गच्चीतून ही रांग रोज दिसते, आणि जितकी फिरले तितकी मला ती बर्फाच्या शिखरांपेक्षा जास्त बोलकी वाटायला लागली आहे. म्हणून हा धागा.

आधी भूगोल. हिमालयाच्या समांतर रांगा आपण शाळेत शिकलो, त्यांतली सगळ्यात दक्षिणेची आणि सगळ्यात बुटकी ती ही. उंची बहुतेक ठिकाणी ६०० ते १२०० मीटर. म्हणजे आपलं कळसूबाई (१६४६ मीटर) इथे आणून ठेवलं तर आजूबाजूला उठून दिसेल. रुंदी कुठे दहा किलोमीटर, कुठे पन्नास. पश्चिमेला पाकिस्तानातल्या पोटवार पठाराकडून सुरू होऊन जम्मू, हिमाचल, हरियाणा, उत्तराखंड, नेपाळ करत अरुणाचलपर्यंत ही पट्टी जाते. नेपाळात तिला चुरिया म्हणतात. तिस्तेच्या पूर्वेला काही अंतर ती जवळजवळ गायब होते आणि मग पुन्हा डोकं वर काढते.

मैदानाच्या बाजूने पाहिलं तर उभे, फाटलेले, झाडं तुटक असलेले कडे दिसतात. वर चढून पलीकडे गेलं की उतार सौम्य होतो आणि दाट सालाची झाडी लागते. याचं कारण खडकाचे थर उत्तरेकडे कललेले आहेत. त्या सौम्य उताराच्या मागे लांबट, सपाट दऱ्या आहेत. त्यांना दून म्हणतात. डेहराडून त्यातलंच, आमच्याकडे पिंजोर दून, आणि कॉर्बेटमध्ये ढिकाल्याला राहिलेले लोक पाटली दूनमध्ये राहून आलेत. दिल्लीहून डेहराडूनला जाताना मोहंडचा घाट लागतो, तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हे कललेले थर उघडे पडलेत. प्रवासात झोपू नका, एवढंच सांगते.

आता हा डोंगर कशाचा बनलाय? गाळाचा. हिमालय वर येत होता तेव्हा नद्या त्याचा चुरा करून पायथ्याच्या खोलगट पट्ट्यात आणून टाकत होत्या. सुमारे १ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीपासून ते अगदी अलीकडे काही लाख वर्षांपूर्वीपर्यंत हे चाललं होतं. थरावर थर बसत पाच-सहा किलोमीटर जाडी झाली. आणि भारतीय भूखंडाचा उत्तरेकडचा रेटा थांबलेला नसल्यामुळे हा गाळही शेवटी दुमडला, फाटला आणि डोंगर होऊन वर आला. हिमालयाने स्वतःचीच माती पुन्हा अंगावर चढवली, असं मला नेहमी वाटतं. ते अजून चालू आहे. मैदान आणि डोंगर जिथे भेटतात त्या रेषेवर जिवंत भ्रंश (खडकातली सरकती भेग) आहे.

ढोबळपणे तीन भाग पाडतात. खालच्या शिवालिकात लाल-जांभळट मऊ गाळखडक जास्त. मधल्यात करडा वालुकाश्म, त्यात काळे-पांढरे कण मीठ-मिरी मिसळल्यासारखे. वरच्या भागात माती, वाळू आणि शेवटी नदीतल्या गोल गोट्यांचे जाडच्या जाड थर. जसजसा हिमालय उंच होत गेला आणि पुढे सरकला तसतशा नद्या जोरकस झाल्या आणि जाड माल आणू लागल्या. खालून वर वाचत गेलं की तो बदल डोळ्यांना दिसतो.

आणि या गाळात हाडं आहेत. मी जिथे राहते तिथून फार लांब नाही, अशा टेकड्यांमध्ये पाणघोड्याचे दात मिळतात! उंट, घोडे, गेंडे, तरस, सुळेदार वाघ, दोन मीटरहून लांब पाठीचं कासव, हत्तींचे कितीतरी प्रकार. मार्कंडा नदीच्या खोऱ्यात, काला अंबजवळ साकेती गावी (पाट्यांवर सुकेतीही लिहितात) १९७४ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि हिमाचल सरकार यांनी जीवाश्म उद्यान केलं. तिथे प्राण्यांचे पूर्णाकृती पुतळे मोकळ्यावर उभे आहेत आणि एक छोटं संग्रहालय आहे. सहलीची पोरं पुतळ्यांपाशी फोटो काढतात. पण खरी गंमत पुतळ्यांमागच्या टेकडीत आहे.

अशाच एका ओहोळात एका गुराख्याने मला स्टेगोडॉन या नामशेष हत्तीसारख्या प्राण्याची दाढ दाखवली होती. मातीतून अर्धी बाहेर आलेली. माझ्या पसरलेल्या तळहाताहून मोठी, वर आडवे आडवे उंचवटे, प्रत्येक उंचवट्याच्या कडेला एनॅमलचे (दातावरच्या कठीण आवरणाचे) बारीक गोळे ओळीने, आणि झिजलेल्या बाजूला तेच एनॅमल तपकिरी-काळं चकाकत होतं. शेजारी हाडाचा तुकडा होता, त्याच्या मोडलेल्या तोंडावर आतली जाळी जशीच्या तशी. आम्ही ती तशीच ठेवली. पुढच्या पावसाळ्यानंतर तिथे गेले तर ओहोळाची कडच कोसळली होती आणि खाली दाढेचे सुटे उंचवटे विखुरलेले.

तेव्हापासून मनात प्रश्न आहे, तोच इथे विचारते. शिवालिकचा खडक इतका ठिसूळ आहे की दर पावसाळा नवी हाडं उघडी करतो आणि आधीची फोडून टाकतो. अशा ठिकाणी दिसलेला जीवाश्म उचलावा का, ठेवावा? जाणकारांनी लिहा.

---

रानवाटा_सातारा

फार सुंदर लिहिलंय ताई. कॉर्बेटला जाऊन आलोय पण सगळं लक्ष वाघाकडे. पायाखाली काय आहे ते आज कळलं.

एक प्रश्न. सह्याद्रीतही एका बाजूला उभा कडा आणि दुसरीकडे सौम्य उतार असतो. तसंच का हे?

---

खडकदर्शी

रानवाटा, दिसायला सारखं, कारण वेगळं. आपल्याकडे लाव्हाचे थर जवळपास आडवे आहेत आणि पश्चिमेचा कडा हा झिजत झिजत मागे सरकलेला कडा आहे. शिवालिकमध्ये थरच वाकवून कलते केलेत, कारण खालच्या भ्रंशावरून सगळा ढीग दक्षिणेकडे ढकलला जातोय. म्हणून सह्याद्रीच्या कड्यावर आडव्या पायऱ्या दिसतात आणि मोहंडला तिरपे पट्टे.

शर्वरीताईंनी एक महत्त्वाची गोष्ट सोडली ती मी लिहितो. (मी भूजलात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे.) या डोंगराच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा पट्टा आहे, भाबर. डोंगरातून आलेले ओढे इथे जमिनीत जिरतात आणि खाली तराईत पुन्हा झऱ्यांच्या रूपाने वर येतात. कोरड्या पात्रांना पंजाब-हरियाणात चो म्हणतात. वर्षभर रखरखीत, आणि पावसात दोन तासांत शेतं वाळूखाली. होशियारपूर भागात या चोंनी इतकी जमीन खाल्ली की त्यासाठी १९०० सालीच पंजाबात जमीन संरक्षणाचा कायदा करावा लागला.

आता इतिहास. हरिद्वारचा उल्लेख केलात ते फार बरं झालं, कारण तिथे गंगेचा कालवा सुरू होतो आणि तो बांधणारा प्रोबी कॉटली हाच शिवालिकच्या जीवाश्मांचा एक मूळ संशोधक. १८३०च्या दशकात तो दोआब कालव्याच्या कामावर होता. त्याच वेळी ह्यू फाल्कनर सहारनपूरच्या सरकारी बागेचा अधीक्षक होता, डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. बेकर आणि ड्युरंड हे आणखी दोन अभियंते. कालव्यांची माणसं डोंगर पायी तुडवत होती, त्यात त्यांना हाडं मिळत गेली. नाहनकडे तर ढिगाने. १८३६ साली फाल्कनर-कॉटलींनी सिवाथेरियम या प्राण्याचं वर्णन छापलं. जिराफाच्या कुळातला, पण बैलासारखा भरदार, खांद्यापाशी दोन मीटरहून उंच, डोक्यावर दोन जोड्या शिंगांच्या, मागची जोडी मोठी पसरट. १८३७ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने दोघांना वॉलस्टन पदक दिलं. तेव्हा दोघेही इथेच, शिवालिकच्या पायथ्याशी काम करत होते. कालवा वाहता झाला १८५४ साली.

पण ही हाडं पहिल्यांदा त्यांनाच दिसली असं नाही. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात याच भागात पाण्यासाठी टेकडी खणवली, तेव्हा हत्तींची आणि ‘माणसांची’ प्रचंड हाडं निघाली, काही दगड झालेली, असं फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. फाल्कनरला ही नोंद ठाऊक होती. आणि डोंगरातल्या लोकांना तर ती पिढ्यान्पिढ्या माहीत असणारच, त्यांच्या शेताच्या बांधावर पडलेली असतात.

---

अदिती_नाशिक

खडकदर्शी काका, वाचताना अंगावर काटा आला.

मला एक भर घालायची आहे. स्टेगोडॉनच्या एका शिवालिकी प्रकाराला फाल्कनर-कॉटलींनी *स्टेगोडॉन गणेशा* असं नाव दिलंय. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये त्याची कवटी मी पाहिली आहे. सुळे तीन मीटरच्या आसपास लांब आणि एकमेकांना इतके लगटून की मधून सोंड जाणं अवघड. मग सोंड बाजूने लोंबत असेल का, यावर तज्ज्ञ विचार करत आलेत. गणपतीच्या नावाचा तो हत्ती इतक्या लांब काचेमागे उभा बघून मन भरून आलं, आणि आपल्याकडच्या किती जणांना तो ठाऊक आहे, असंही वाटून गेलं.

आमच्या नाशिकशीही दुवा आहे. नांदूर मध्यमेश्वरला आपण पक्षी बघायला जातो. तिथल्या गोदावरीच्या गाळात मोठ्या जातीच्या हत्तीची कवटी मिळाली होती आणि त्यावर गाय पिलग्रिम या भूवैज्ञानिकाने १९०५ मध्ये लिहिलं. हाच पिलग्रिम पुढे शिवालिकच्या सस्तन प्राण्यांचा मोठा अभ्यासक झाला. तो हत्ती शिवालिकच्या बहुतेक प्राण्यांपेक्षा खूप अलीकडचा.

---

प्रज्ञेश_लातूर

स्पर्धा परीक्षेच्या जुन्या पुस्तकांत ‘रामापिथेकस हा मानवाचा पूर्वज, शिवालिकमध्ये सापडला’ असं वाक्य आहे. नव्या पुस्तकांत ते नाही. नक्की काय झालं? कोणी नीट समजावेल का?

---

दंतकथा

प्रज्ञेश, छान प्रश्न. मी दातांवर काम करते (जनावरांच्या, तेही मेलेल्या), त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात हरितल्यांगर नावाचं गाव आहे. तिथे १९३२ साली जी. ई. लुईस या अमेरिकन संशोधकाला वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. दात लहान, आणि तुकड्यावरून जबड्याची कमान पुरी केली तर ती माणसासारखी गोलसर येते असं त्याला वाटलं. त्याने नाव दिलं रामापिथेकस. १९६०च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी ही कल्पना जोरात मांडली आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा मानवपूर्वज म्हणून तो बसला.

मग दोन बाजूंनी धक्के बसले. १९६७ साली सॅरिच आणि विल्सन यांनी रक्तातल्या प्रथिनांची तुलना करून सांगितलं की माणूस आणि आफ्रिकी वानर यांच्या वाटा सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या. तसं असेल तर रामापिथेकस फारच जुना. जीवाश्मवाले बरीच वर्षं हे मानायला तयार नव्हते. दुसरा धक्का जीवाश्मांतूनच आला. पोटवारमध्ये सिवापिथेकस या नामशेष वानराचा चेहरा बराचसा शाबूत मिळाला आणि १९८२ साली तो छापून आला. डोळ्यांच्या खोबणी उभट, त्या एकमेकींजवळ, चेहरा आत वळलेला. ठेवण सरळ सरळ ओरांगउटानची. आणि रामापिथेकस म्हणजे सिवापिथेकसच, बहुधा त्यातल्या लहान चणीच्या माद्या, हे मान्य झालं. विशेष म्हणजे हा चेहरा प्रसिद्ध करणारा पिलबीमच होता. ज्या कल्पनेने त्याचं नाव झालं तीच त्याने नव्या पुराव्यापुढे सोडून दिली. याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो.

पण रामापिथेकस पुस्तकातून गेला म्हणून शिवालिकचं महत्त्व कमी झालं असं समजू नका. उलट खरी मोठी गोष्ट पुढची आहे. १९८९ साली जे क्वेड, थ्युर सर्लिंग आणि सहकाऱ्यांनी पोटवारच्या थरांतले चुन्याचे खडे तपासले. कोरडवाहू मातीत आपल्याकडेही असे पांढरे खडे मिळतात. मातीवर कोणती झाडं होती याची खूण त्यांच्यातल्या कार्बनमध्ये राहते. साधारण ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीच्या थरांत ती खूण पार बदलते. त्याआधी झाडी, त्यानंतर उन्हाळी गवताची माळरानं. ज्वारी, ऊस, मका ज्या प्रकारे प्रकाशसंश्लेषण करतात तसं करणारी गवतं. प्राण्यांच्या दातांच्या एनॅमलमध्येही तोच बदल. पानं खाणारे कमी होत गेले, उंच दाढांचे चरणारे वाढले. सिवापिथेकस सुमारे ८५ लाख वर्षांपूर्वीनंतर दिसत नाही. फळांवर जगणाऱ्या वानराला जंगल विरळ झाल्यावर जागा उरली नसावी.

घोड्यांचंही तसंच. तीन बोटांचा हिपॅरिऑन शिवालिकमध्ये सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी येतो, एका खुराचा खरा घोडा सुमारे २६ लाख वर्षांपूर्वी. दोन्ही बाहेरून आलेले. हे आपण इतकं ठाम सांगू शकतो, कारण थरांतला चुंबकीय ठसा मोजलेला आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटतं, गाळातले लोहकण ती दिशा धरून ठेवतात, आणि मधूनमधून ज्वालामुखीच्या राखेचे पातळ थर मिळतात त्यांवरून वर्षं लावता येतात. म्हणजे शिवालिकमध्ये थर कळला की काळ कळला. जगात इतका लांब, इतका सलग आणि सस्तन प्राण्यांनी इतका भरलेला जमिनीवरचा लेखाजोखा फार थोड्या ठिकाणी आहे.

शर्वरीच्या प्रश्नावर माझं उत्तर यातच आलं. थरातून सुटा केलेला दात हा दात राहतो, काळ निघून जातो. उचलू नये.

---

वऱ्हाडी_गोटा

दंतकथाताई, तुमचं म्हणणं पटते, पण पूर्ण नाही.

मी वरोऱ्याकडचा. आमच्याकडे पिसदुरा गाव आहे, तिथल्या वावरात डायनोसॉरची हाडं आणि त्याची दगड झालेली विष्ठा नांगरटीत वर येते. एकोणिसाव्या शतकात नागपूरचा मिशनरी हिस्लॉप याच्या काळापासून लोक तिथून नेत आहेत. जे नेलं ते निदान कुठेतरी कपाटात आहे. जे वावरात राहिलं त्याच्यावरून ट्रॅक्टर गेला. शर्वरीताईंच्या दाढेचंही तेच झालं ना? ठेवली म्हणून वाचली नाही. गुराख्याने ती घरी नेली असती तर आज कोणी अभ्यासक ती पाहू शकला असता. सगळीकडे तज्ज्ञ पोचत नाही, आणि गावचा माणूस रोज तिथे असतो. त्याला ‘हात लावू नको’ म्हणणं म्हणजे पावसाला ‘फोड’ म्हणणं.

---

दंतकथा

वऱ्हाडी_गोटा, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. शिवालिकच्या कितीतरी संग्रहांमागे गावकऱ्यांचे डोळे आहेत.

पण एक उदाहरण बघा. चंदीगडजवळ मसोल गाव आहे. तिथल्या जनावरांच्या काही हाडांवर दगडी हत्याराने कापल्याच्या खुणा आहेत आणि त्या सुमारे २६ लाख वर्षांच्या आहेत, असा दावा भारतीय-फ्रेंच गटाने २०१६ मध्ये मांडला. खरं निघालं तर भारताच्याच काय, साऱ्या आशियाच्या मानवी इतिहासात उलथापालथ होईल. पण ही हाडं आणि हत्यारं मुख्यतः उघड्या पृष्ठभागावर मिळाली. हाड जुन्या थरातलं असेलही, पण खूण केव्हाची, आणि शेजारचं हत्यार त्याच काळातलं कशावरून? वाद तिथेच अडकलाय. तीच हाडं थरात रुतलेली, जागेवर नोंदवलेली मिळाली असती तर आज चित्र वेगळं असतं. इतका मोठा प्रश्न जागेच्या नोंदीवर अडून बसतो, हे पाहून मला ओहोळातला प्रत्येक तुकडा महत्त्वाचा वाटतो.

---

खडकदर्शी

दोघांच्या म्हणण्यात विरोध दिसतो तितका नाही. थरात रुतलेलं आणि घरंगळून खाली आलेलं, हा फरक करा.

रुतलेल्या जीवाश्माला हात लावायचा नाही. हातोडी, स्क्रू-ड्रायव्हर काही नाही. हाड दगडासारखं दिसलं तरी आतून तडे गेलेले असतात, ओढलं की भुगा. शेजारी नाणं किंवा पेन ठेवून फोटो, मग दहा पावलं मागे येऊन पूर्ण कड दिसेल असा फोटो, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश, आणि थर कसा आहे ते दोन ओळींत: लाल माती, करडी वाळू, की गोटे. एवढं विद्यापीठात पोचवलं तर जाणकाराला तो थर बहुतेक वेळा ओळखता येतो. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाचा भूविज्ञान विभाग आणि डेहराडूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था, दोन्हीकडे शिवालिकवर पिढ्यान्पिढ्या काम झालंय.

घरंगळून ओहोळात आलेलं, पुढच्या पुरात जाणारच असं, त्याची मात्र गावकऱ्याने किंवा गावच्या शाळेने नोंद करून जपणूक करावी या मताचा मी आहे. जागेची चिठ्ठी त्याच्याबरोबर कायम राहिली पाहिजे. पर्यटकाने बॅगेत घालून पुण्या-मुंबईला आणू नये. दिवाणखान्यात ठेवलेल्या दाढेचा पुढच्या पिढीला फक्त एक जड दगड होतो.

पुण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो, डेक्कन कॉलेजात जी. एल. बदाम यांनी शिवालिकच्या वरच्या थरांतल्या आणि नर्मदा खोऱ्यातल्या प्राण्यांवर मूलभूत काम केलंय. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला या विषयाची सुरुवात करायला हिमालयापर्यंत जावं लागत नाही.

आणि कायद्याबद्दल: भूवारसा स्थळांच्या जतनासाठीच्या विधेयकाचा मसुदा केंद्राने २०२२ च्या अखेरीस लोकांच्या सूचनांसाठी खुला केला होता. साकेती राष्ट्रीय भूवारशाच्या यादीत आहे, पण उद्यानाच्या कुंपणाबाहेर मैलोन्मैल तेच थर पसरलेत आणि तिथे गोटे-खडीसाठी डोंगर पोखरले जातात. वरचा शिवालिक म्हणजे आयते गोटे, क्रशरला सोन्यासारखे. पावसाने एक दाढ फुटते, पोकलेनने अख्खा थर जातो. माझी खरी काळजी ती आहे.

---

रानवाटा_सातारा

काका, मग एक शंका. धूप झाली की जीवाश्म उघडे पडतात, आणि धूप थांबवली की ते झाकले जातात. शेतकऱ्याला तर धूप नकोच आहे. यात कोणाचं ऐकायचं?

---

शर्वरी_पंचकुला

याचं उत्तर मी देऊ का? कारण हे माझ्या दाराशी आहे.

चंदीगडचं सुखना तळं १९५८ साली बांधलं. त्याला पाणी येतं शिवालिकच्या उतारांवरून आणि त्याबरोबर गाळ. तळं इतक्या वेगाने भरत गेलं की उगमाकडे जाऊन उपाय करावा लागला. तिथूनच सुखोमाजरीची गोष्ट सुरू होते. पंचकुल्याजवळचं छोटं गाव. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात पी. आर. मिश्रा यांनी गावाबरोबर छोटे मातीचे बंधारे बांधले. बंधाऱ्याचं पाणी प्रत्येक घराला वाट्याने, अगदी भूमिहीनालासुद्धा, आणि त्या बदल्यात गावाने डोंगरावर मोकाट गुरं सोडायची नाहीत. टेकड्या पुन्हा गवत-झाडीने भरल्या. हिवरे बाजार, राळेगणसिद्धी पाहिलेल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

त्या हिरव्या उतारावर आता हाडं दिसणार नाहीत. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. मातीखाली आहेत ती सुरक्षित आहेत, लाखो वर्षं होती तशी. शिवालिकमध्ये इतके कडे इतके उभे आहेत की ते कोणी हिरवे करू शकणार नाही. तिथे पाऊस आपलं काम करत राहील. शेतकऱ्याची जमीन वाचणं आधी, यात मला शंका नाही. खाणीचं मात्र तसं नाही. त्यात ना शेत वाचतं ना जीवाश्म.

दंतकथा, खडकदर्शी काका आणि वऱ्हाडी_गोटा, तुम्हा तिघांचं वाचून माझं मत बनलं. गुराख्याला पुढच्या वेळी भेटले की मोबाइलने जागेसकट फोटो कसा काढायचा ते दाखवणार आहे. फोन त्याच्याकडे आहेच. आणि जवळच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंशी बोलणार आहे. ओहोळातली सुटी हाडं, चिठ्ठ्यांसकट, शाळेच्या एका कपाटात राहिली आणि विद्यापीठाला त्याची यादी कळली, तरी पुष्कळ होईल. गावाचं नाव इथे लिहीत नाही, कारण जागा जाहीर झाली की उचलणारेही पोचतात. इतरांनीही नेमकी ठिकाणं धाग्यावर टाकू नयेत ही विनंती.

---

वऱ्हाडी_गोटा

हे झकास. फक्त चिठ्ठीवर ज्याने शोधलं त्या गुराख्याचं नाव लिहा. आमच्याकडे कितीही हाडं गेली, वावरवाल्याचं नाव कुठे लागलं नाही.

---

दंतकथा

+१. नाव लिहाच.

---

अदिती_नाशिक

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन चंदीगड-डेहराडून करतोय. एखाद-दोन दिवस यासाठी काढू शकतो. काय पाहावं?

---

शर्वरी_पंचकुला

अदिती, काळ उत्तम निवडलास. पावसाळा संपून वाटा वाळलेल्या असतात आणि कडे नुकते धुतलेले. उन्हाळ्यात या टेकड्यांवर सावली नाही आणि पावसात ओहोळाला कधी लोंढा येईल सांगता येत नाही, तेव्हा ते दोन्ही टाळायचेच.

पहिल्या दिवशी चंदीगडला सेक्टर १० मधलं जीवसृष्टीच्या उत्क्रांतीचं संग्रहालय बघा, मग साकेती. काला अंबपर्यंत रस्ता चांगला आहे, तिथून आत काही किलोमीटर. आधी संग्रहालय, मग पुतळे, अशा क्रमाने न्या म्हणजे मुलांना कोणता दात कोणाचा ते जुळवता येईल. खायचं-प्यायचं बरोबर ठेवा, उद्यानाजवळ फारसं काही मिळत नाही. दुसऱ्या दिवशी नाहन-पांवटा साहिब मार्गे डेहराडून. पांवट्याला यमुना ओलांडलीत की दूनमध्ये शिरलात. वाडिया संस्थेच्या संग्रहालयाच्या वेळा फोनवर विचारून घ्या, सुट्टीच्या दिवशी बंद असू शकतं. परतताना मोहंडवरून दिल्लीकडे उतरा आणि मुलांना खिडकीची जागा द्या.

पिंजोरला मुक्काम करणार असाल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, सकाळी लवकर मी एका उघड्या कड्यापाशी घेऊन जाईन. हातोडी आणायची नाही, वही आणा.